डाव्या भुवईवरची खूण

"हाच एक फोटो आहे का?" मालतीनं विचारलं.

"हाच आहे, ताई. बाबा फोटोवाले नाहीतच. कॅमेरा दिसला का मान फिरवतेत." अभिजीतनं मोबाइल स्टुडिओच्या काउंटरवरून पुढे सरकवला. "परवा सकाळी निघाले घरून. आम्ही मोहगावचे. कंडक्टर म्हणते, पांढुर्ण्याच्या स्टँडवर उतरले. सावरगावात त्याइचं आजोळ, तिकडंच निघाले असतीन. पण तिथं पोचलेच नाहीत."

"ध्यानात राहते का त्याइच्या काही?"

"कायचं राहते! जेवलो का नाही तेही नाही. माहं नाव कधी येते, कधी नाही येत. सावरगाव तेवढं राह्यलं डोक्यात."

पोरगा तिशीचा असेल. दोन रात्री झोपला नव्हता हे सांगावं लागत नव्हतं. मालतीनं त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि फोटो आपल्या मोबाइलवर मागवून कॉम्प्युटरवर मोठा केला.

कुठल्यातरी लग्नाच्या मांडवामागे बसून संत्रं सोलणारा एक म्हातारा. मळकी बंडी, ती खांद्यावर उसवलेली. चारपाच दिवसांची दाढी. डाव्या भुवईतून एक जुनी जखम खाली उतरलेली, आणि भरून येताना तिनं पापणीच ओढून धरलेली, त्यामुळे तो डोळा अर्धाच उघडा.

"गोटमार?" तिनं विचारलं.

"हो. सोळा वर्षांचे होते. सावरगावकडून खेळले. दादाजी हे नाव घेतलं का त्या काठावरचे जुने लोकं अजून वळखतेत."

पांढुर्ण्यात हे विचारण्यात काही विशेष नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पांढुर्ण्याकडच्या काठावरून आणि सावरगावकडच्या काठावरून दगड चालतात, माणसं फुटतात, आणि संध्याकाळी सगळे मिळून देवीच्या पाया पडतात. मग तुळशीचं लग्न झालं, की तीच फुटलेली पोरं स्टुडिओत येतात. पोरीवाल्यांना पाठवायला फोटो हवा असतो, आणि पोरीवाल्यांना कपाळ सपाट लागतं. दुसऱ्या गावांतले फोटोवाले पुटकुळ्या पुसतात. पांढुर्ण्यातल्यांना दगड पुसावे लागतात. मालतीचा त्यात हात बसला होता. कुणाची भुवई, कुणाचा ओठ, कुणाच्या नाकाचं हाड. नऊ वर्षांत तिनं एवढ्या जखमा बऱ्या केल्या होत्या, की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या पाया पडावं.

मालती सोमकुवर या दुकानात आली ती फक्त काउंटरवर बसायला. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, दोन पोरं शाळेत, आणि स्टुडिओचा मालक गजेंद्र लग्नाच्या सीझनमध्ये महिनामहिना बाहेर. कुणीतरी दुकान उघडं ठेवणारं त्याला पाहिजे होतं. पण बाईला बसून राहवेना. एक दिवस म्हणाली, "गजूभाऊ, मले शिकवा ना." गजूभाऊ हसले आणि त्यांनी एक पितळेचा लोटा तिच्या पुढ्यात ठेवला. "याचा फोटो काढ. रोज काढ. सकाळी काढ, दुपारी काढ, लाइटीत काढ. ज्या दिवशी लोटा लोट्यासारखा येईन, त्या दिवशी माणसाचा काढजो."

पंधरा दिवस तिनं लोटा काढला. कधी तो पांढराफटक येई, कधी काळा ठिक्कर. सोळाव्या दिवशी लोट्याचा पोचा दिसला, कल्हई उडालेली दिसली, तोंडाशी चिकटलेलं पाणीसुद्धा दिसलं. गजूभाऊ कितीतरी वेळ तो फोटो पाहत राहिले. "आता याच्यात खोटं काही नाही," म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच माणसानं तिला कॉम्प्युटरवर बसवून पोचा कसा पुसायचा ते दाखवलं. धंदाच तसा आहे. आधी खरं पकडायला शिका, मग ते झाकायला शिका.

कॉम्प्युटरमध्ये 'कपडे' नावाचं एक खातं होतं. त्यात निळा कोट, बंद गळ्याचा काळा कोट, खादीचं जाकीट, आणि बायांसाठी एक हिरवा शालू. माणूस मेला की घरचे कुठलातरी फाटका-तुटका फोटो घेऊन येत. मालती मुंडकं कापून कोटावर बसवी. बौद्ध वस्तीतल्या मयतांना निळा कोट, शेतकऱ्यांच्या मयतांना जाकीट. जन्मभर ज्यांनी अंगाला शर्ट पुरा लावला नाही, अशी माणसं भिंतीवर साहेब होऊन बसली होती. पांढुर्ण्यातल्या निम्म्या मेलेल्यांचा शिंपी एकच. मालतीच्या स्वतःच्या बापालाही तिनंच निळा कोट घातला होता, आणि आई त्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना म्हणायची, "लय शोभून राहिले."

गजूभाऊंचा या बाबतीतला नियम सोपा होता. "मेल्याले कोट, जित्याले गोरेपणा." हरवलेला माणूस यांतल्या कुठल्या खात्यात टाकायचा, ते मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं.

"जरा ढंगाचा करून द्या, ताई," अभिजीत म्हणाला. "बंडी फाटेल दिसते. हरवल्याचं पत्रक चौकाचौकात लागन, सोयरेधायरे पाह्यतीन. म्हणतीन, संत्र्याचा बगिचा आहे घरचा अन् बापाले कपडे नाही घेऊन देत."

"टेन्शन नका घेऊ. मी करतो ना. तुम्ही चहा पिऊन या."

मालती कामाला लागली. बापडीला त्या पोराची दया आली होती, आणि दया आली की तिचा हात जास्तच चालायचा. बंडी गेली, जाकीट आलं. दाढी उतरली. मांडव, टोपली, संत्र्याची सालं, सगळं पुसून मागे हलका निळा पडदा टाकला. मग ती डोळ्याशी आली. फोटो इतका मोठा केला, की पडद्यावर फक्त ती जखम राहिली. वरच्या टोकाला ती रुंद होती, मध्ये एका टाक्याची गाठ, तिथून दोन फाटे फुटलेले, त्यातला आतला फाटा पापणीत शिरलेला. हे काम नाजूक असतं. तिनं उजवा डोळा उचलला, उलटा केला, डाव्यावर बसवला, कडा घासल्या, रंग जुळवला. पाऊण तासानं म्हातारा दोन्ही डोळे उघडून तिच्याकडे पाहू लागला. काय देखणा माणूस होता! गालाची हाडं, कपाळ, सगळं नीट दिसायला लागलं. मालतीला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग मजकूर. अभिजीतनं कागदावर लिहून दिला होता. नाव, गाव, वय त्र्याहत्तर, फोन नंबर. आणि खाली एक ओळ: 'ओळख – डाव्या भुवईवर जखमेची खूण, डोळा अर्धा मिटलेला.'

तिनं ती ओळ टाइप केली आणि फोटोकडे पाहिलं. फोटोत खूण नव्हती. ओळीत होती. दोन्ही एका कागदावर बसेनात.

आता तुम्हीआम्ही म्हणू, बाई, तिथंच थांबायचं होतंस. ती थांबलीही. खोटं कशाला सांगा, तिच्या मनात आलं की डोळा परत पहिल्यासारखा करावा. चार कळा दाबायचं काम. पण पाऊण तासाची मेहनत होती, चेहरा इतका साफ निघाला होता, आणि काउंटरवर पासपोर्ट फोटोवाल्या दोन बाया "ताई, आमचं केव्हा?" म्हणून घाई करत होत्या. तिनं ओळ काढून टाकली. जागा मोकळी झाली तर फोन नंबर आणखी मोठा केला. नंबर मोठा असला की लोक फोन करतात, असं स्वतःला सांगितलं.

अभिजीतनं पत्रक हातात घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले. "मी जल्मलो तेव्हापासून बाबाचे दोन्ही डोये उघडे पाह्यले नाही मी," तो म्हणाला. ओळ गेल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. मालतीनं पन्नास प्रती काढून दिल्या आणि फोटो गजूभाऊंना पाठवला. ते बैतूलकडे एका लग्नात होते. उत्तर आलं: "वा! आता तू मास्तरीण झाली."

फोटो मोबाइलवरून गावोगाव फिरला. सौसर, मोहगाव, मुलताई, पार काटोलपर्यंत. अभिजीत मोटरसायकलवर फिरून स्वतः पत्रकं डकवत होता. स्टँड, देवळं, दवाखाने, तिगावचं रेल्वे स्टेशन. लोकांनी खाली लिहिलं, 'काय तेज आहे चेहऱ्यावर', 'देवमाणूस दिसतो', 'लवकर सापडो'. फोनही पुष्कळ आले. मुलताईत जाकीट घातलेल्या एका पेन्शनर मास्तरांना लोकांनी हॉटेलात दोन तास बसवून ठेवलं. ते बिचारे ओरडून सांगत होते की मी हरवलेलो नाही, बायकोची औषधं घ्यायला आलो आहे. लोक म्हणत, "हो आजोबा, हो, चहा प्या." अभिजीत तिथवर गेला आणि परत आला. नागझिरीहून फोन, वरुडहून फोन. जिथून फोन येई तिथं एखादा स्वच्छ, दाढी केलेला, दोन डोळ्यांचा म्हातारा निघे.

मालती रोज त्याला फोन लावायची. "काही समजलं का, भाऊ?" दिवसातून दोनदा पत्रक पुन्हा पुन्हा सगळ्यांना पाठवायची. थंडी वाढली होती. रात्री पांघरूण ओढताना तिला तो म्हातारा आठवायचा, आणि आठवायचा तो जाकीट घातलेला.

नवव्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून हवालदाराचा फोन आला. गजूभाऊंचं आणि ठाण्याचं जुनं जमलेलं होतं. बेवारस मयत असली की फाईलला चांगले प्रिंट लागायचे, ते स्टुडिओतून जात. गजूभाऊ अजून आले नव्हते.

"तर तुम्हीच या ना, मॅडम," हवालदार म्हणाला. "पाच मिनिटाचं काम आहे. तिगाव स्टेशनवर एक डोकरा गेला थंडीनं. कोणी वारस नाही."

मालतीनं तोवर मेलेल्यांना कोट घातले होते, पण मेलेल्याचा फोटो काढला नव्हता. दवाखान्याच्या मागच्या खोलीबाहेर हवालदार उभा होता. एक बाई भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. तिगाव स्टेशनबाहेर चहाची टपरी चालवणारी पंचफुला. तिनंच सकाळी कळवलं, म्हणून तिला पंच म्हणून आणलं होतं. आत चादर गळ्यापर्यंत खाली केली. मालतीनं चेहऱ्याकडे नीट पाहिलं नाही, कॅमेरा डोळ्याला लावला. भीती वाटली की माणूस असंच काहीतरी मध्ये धरतो.

दाढी छातीपर्यंत वाढल्यासारखी वाटत होती, इतका चेहरा आत गेलेला. तिनं एक समोरून काढला, एक उजवीकडून. मग डावीकडे आली आणि भिंग फिरवून चेहरा जवळ आणला.

वरच्या टोकाला रुंद. मध्ये एका टाक्याची गाठ. तिथून दोन फाटे, आतला फाटा पापणीत.

ती जखम जगात कुणाला एवढी पाठ नव्हती. त्याच्या पोराला नाही, डॉक्टरला नाही. मालतीनं ती पाऊण तास, कण कण करून, पुसली होती.

तिनं कॅमेरा गळ्यात अडकवला. ती बाहेर आली आणि पंचफुलाच्या शेजारी पायरीवर बसली.

"पाह्यवत नाही ना, बाई?" पंचफुला म्हणाली. तिला बोलायचंच होतं, सकाळपासून कुणी ऐकून घेतलं नव्हतं. "पाच दिवस बसला होता हो माह्या टपरीसमोर. बाकड्यावर. मी चहा देवो, बिस्कुट देवो. कुठचे हो बाबा, म्हणलं का म्हणे सावरगाव. कुठं चालले? सावरगाव. येवढंच. बरोब्बर त्याच्या डोक्यावरच तो इश्तिहार लागेल होता, त्या जाकीटवाल्या बाबाचा. तिसऱ्या दिवशी माह्या मनात आलं, बाप्पा, हाच तं नाही हा? मी त्याले हाताला धरून उभं केलं इश्तिहाराजवळ. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. तो साहेब दोन्ही डोयानं पाहून राह्यला, अन् याचा एक डोया मिटेल. मी याले विचारलं, बाबा, हे तुम्ही होय का? तं यानं पाह्यलं अन् म्हणे, हा कोण साहेब होय वो?"

मालतीनं कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं.

"तरी मी नंबर लावला होता, बाई. घंटी वाजत होती. मंग कापला. म्हणलं, घरचे धावत येतीन, दुसराच कोणी निंगला तं त्याइच्या जिवाले काय वाटन? कायले लोकाइले उगीचची आस लावा?" पंचफुलानं पदरानं नाक पुसलं. "कोणी असतीन बिचाऱ्याचे. पाहत असतीन वाट."

मालती उठली आणि हवालदारापुढे जाऊन उभी राहिली. "हे दादाजी आहेत. मोहगावचे. इश्तिहारातले."

हवालदारानं खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. त्यानंही सकाळीच ताडून पाहिलं होतं. "नाही हो, मॅडम. मी पाह्यलं ना. डोळा पाहा तुम्ही."

"तो डोळा मीच उघडला, साहेब."

त्याला कळेना. मग तिनं मोबाइलमधला मांडवामागचा फोटो काढून दाखवला. हवालदारानं तो पाहिला, आत जाऊन आला, परत पत्रक पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण हसला. म्हणजे हसू आलंच त्याला. "अन् असं काहून केलं?" त्यानं विचारलं.

सवय म्हणून, असं उत्तर होतं. तिनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि अभिजीतचा नंबर लावला.

अभिजीत दुपारी आला तेव्हा ती भिंतीच्या आडोशाला उभी होती. तो आत गेला, बराच वेळ आला नाही. बाहेर आला तेव्हा पंचफुलानं त्यालाही सगळं सांगितलं, नंबर लावल्याचं आणि कापल्याचंसुद्धा. त्यानं मान खाली घालून ऐकलं. एकदा फक्त वर पाहिलं, मालती दिसली, आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"तू कायले डोक्यावर घेते?" गजूभाऊ दुसऱ्या दिवशी आल्यावर म्हणाले. "त्यानंच तं म्हणलं, ढंगाचा कर. आपण गिऱ्हाइकाचं ऐकलं. अन् डोकरा त्र्याहत्तरचा होता, किती दिवस पुरणार होता? कोणाजवळ बोलू नको. गावात बोभाटा झाला तं दुकानाले कुलूप लागन."

"तुम्ही लोटा काढाले शिकवला होता मले, गजूभाऊ."

"लोटा काय, लोटा हरवत नाही," गजूभाऊ चिडून म्हणाले आणि लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवायला बसले.

तीन दिवसांनी अभिजीतचा फोन आला. आवाज एकदम सरळ, कामापुरता. "ताई, तेरवीसाठी फोटो पाह्यजे होता. मोठा, फ्रेम करून. तोच द्या, जाकीटवाला. सगळ्याइनं पाह्यला आहे, तोच बरा."

"भाऊ, तो..."

"तोच द्या, ताई," तो म्हणाला. "दुसरा नको. मायले काही सांगतलं नाही आम्ही. तुम्हीही नका सांगू."

मालतीनं दोन फ्रेमा केल्या. एक जाकीटवाली. दुसरी मांडवामागची, बंडी, दाढी आणि संत्र्याच्या सालींसकट, काही एक न करता. तेरवीच्या आदल्या दिवशी नवऱ्याला डबा बांधून दिला आणि सौसरच्या गाडीत बसली. सौसरला गाडी बदलून मोहगावला उतरेपर्यंत तिनं मनात शंभरदा वाक्य जुळवलं. सांगायचं. पोराला वाईट वाटलं तरी सांगायचं. मेलेल्याला फसवलं, आता त्याच्या बायकोला फसवायचं नाही.

अंगणात मंडपाचे खांब रोवणं चाललं होतं. बाया गहू निवडत होत्या. जयवंता, दादाजींची बायको, ओसरीवर एकटी बसली होती. हाडकुळी, उंच, सत्तरीची. अभिजीत लगबगीनं पुढे आला. "या, या ताई. द्या इकडं." त्यानं जाकीटवाली फ्रेम घेऊन कागद फाडला, ओसरीवरच्या पाटावर उभी केली आणि तिला हार घातला.

"माय, ह्या फोटोवाल्या ताई. पांढुर्ण्याहून आल्या."

"बस, बाई," जयवंता म्हणाली. "पाणी दे रे त्याइले."

मालती बसली नाही. पाण्याकडेही पाहिलं नाही. तिनं दुसरी फ्रेम काखेतून काढली आणि एका दमात बोलली. हा फोटो तुमच्या पोरानं दिला होता, पाटावरचा तो मी बनवला. डोळा मी उघडला. खुणेची ओळ होती, ती मी पुसली. तिगावला एका बाईनं त्यांना या फोटोजवळ उभं करून पाहिलं आणि हे ते नव्हेत म्हणून फोन ठेवला. पाच दिवस ते फोटोखालीच होते. "माह्यापायी नाही सापडले ते, आजी."

गहू निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. अभिजीत म्हणाला, "ताई, जा तुम्ही आता." मग म्हणाला, "माय, मीच म्हणलं होतं त्याइले, जरा बरा करा म्हणून."

जयवंता पुढे सरकली. तिनं हात पुढे केला, दुसरी फ्रेम घेतली आणि मांडीवर ठेवली. काचेवरून बोट फिरवलं, भुवईपासून पापणीपर्यंत.

"मले मोबाइलमध्ये दाखवला होता यानं तो फोटो," ती म्हणाली. "मी म्हणलं, हा कोण? म्हणे, बाबाच होय, साफ केला. मी म्हणलं, असन बापा, साफ केल्यावर असा दिसत असन. मी काय, अडाणी." तिनं बोट पापणीवरच ठेवलं. "हा डोया मिटे नाही त्याइचा. झोपेतही नाही. रातभर उघडा राहे, अन् सकाळी लालभडक होये. पन्नास वर्षं मी रोज झोपताना पदराचा कोना ओला करून ठेवो त्याच्यावर. तिथं स्टेशनावर कोणं ठेवला असन?"

"आजी, माफ करा मले," मालती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं.

"माफीचं काय करू, बाई? तिची भाकर होते का?" जयवंता चिडली नव्हती. खरंच विचारत असल्यासारखी बोलत होती. मग ती उठली. पाटावरच्या फ्रेमचा हार काढला आणि तिथं हातातली फ्रेम ठेवली. जाकीटवाली उचलून मालतीच्या हातात दिली.

"माय, लोकं येतीन उद्या," अभिजीत म्हणाला. "बंडी फाटेल दिसते त्याच्यात."

"फाटेल होती तं फाटेल दिसन." आणि मालतीकडे वळून ती म्हणाली, "हा तुमच्या घरी लावा. माह्या घरी हा माणूस कधी राह्यला नाही."

मालती ती फ्रेम घेऊन रस्त्यावर आली. कागद तिथंच राहिला होता, आणि तो मागायला परत जाण्याची हिंमत तिच्यात नव्हती. रस्त्याकडेच्या नाल्यात टाकून द्यावी असं एकदा मनात आलं. पण हार उतरवलेला मयताचा फोटो असा कुणी टाकत नाही, कुणी पाहिलं तर काय म्हणेल. सौसरची गाडी आली. गर्दी होती. एका बाईनं सरकून जागा दिली आणि फ्रेमकडे पाहून आपसूक हात जोडले.

"बाबा का तुमचे?" बाईनं विचारलं.

"नाही."

"मंग सासरे?"

मालतीनं फ्रेम जवळ ओढली. फ्रेम मोठी होती. मांडीवर उभी धरली तर समोरचं काही दिसत नव्हतं आणि आडवी ठेवली तर म्हातारा छताकडे पाहत राही. तिनं ती उभीच धरली. खड्ड्यात गाडी आदळली की काच हनुवटीला लागत होती.

"काय तेज आहे हो चेहऱ्यावर," बाई म्हणाली. "आताच बोलतीन असं वाटते. काय नाव होतं?"

"माहीत नाही," मालती म्हणाली. बाई जरा बाजूला सरकली, आणि सौसर येईपर्यंत तिनं पुन्हा काही विचारलं नाही.